पाच हजारात राजमहाल (11 महिन्यांसाठी)

तर तुमच्या लेकीला राजकन्येची खोली हवीय. अभिनंदन. लेक साडेचार वर्षांची, खोली दहा बाय दहा, बजेट पाच हजार आणि घर भाड्याचं. बिलकूल घाबरू नका. पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाडा 16,110 रुपयांत बांधला होता, 1730 ला पाया घातला आणि 1732 ला वास्तुशांत उरकून मोकळे. आज पुण्यात तेवढ्यात वन बीएचकेचं एका महिन्याचं भाडं निघतं, ते पण एरिया बघून. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाहीयोत, फक्त तीनशे वर्षं उशिरा करतोय.

आधी खोलीत काय काय आहे ते बघून घ्या. "मुलीची खोली" म्हणजे आपल्याकडे सासूबाईंचा पलंग, गव्हाची कोठी, शिलाई मशीन, इन्व्हर्टर, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आणि उरलेल्या जागेत मुलगी. यातलं काही हलवायला जाऊ नका, हलवून ठेवणार कुठे? फक्त नावं बदला. कोठी म्हणजे राज्याचा खजिना. इन्व्हर्टर म्हणजे ड्रॅगन, गुरुवारी लाईट गेली की आपोआप आवाज काढतो, वेगळा खर्च नाही. इस्त्रीचा ढीग हा डोंगर, तो तसाही कधी संपत नाही.

मग येतात घरमालक. त्यांनी किल्ली देतानाच सांगितलेलं असतं की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका, म्हणतात की दगडी वाडा बांधायचा मान फक्त छत्रपतींचा म्हणून शनिवारवाड्याचे वरचे मजले विटांचे करावे लागले, पेशव्यांना ऐकावं लागलं तिथे तुमचं काय. खिळ्याऐवजी डबल टेप वापरा. डबल टेपवर फुलपाखरं, चांदण्या, आरसा, मुकुट सगळं चिकटतं आणि जुलैपर्यंत राहतं. जुलैत भिंतीला ओल धरली की पडतं, पण एकटं पडत नाही, जाताना तळहाताएवढा पोपडा घेऊन जातं. त्या जागी दुसरं मोठं फुलपाखरू लावा. आमच्या एका भिंतीवर आता फुलपाखरांची इतकी दाटी झालीय की पाहुणे विचारतात, थीम जंगल आहे का?

आता रंग. हा विषय मोठा आहे, बसून वाचा. दुकानातलं शेड कार्ड घरी अजिबात आणू नका, त्यात गुलाबीच्या इतक्या जाती असतात की मुलगी एक, नवरा दुसरी आणि सासूबाई "पांढराच बरा" निवडतात. मशीनवर रंग मिक्स करून घेतला तर पैसे जास्त, म्हणून हुशार माणसं काय करतात, तर पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा आणतात आणि लाल स्टेनरची छोटी बाटली, आणि बादलीत लाकडाच्या पट्टीने घरीच ढवळतात. आम्ही हुशार. पहिल्या बादलीचा रंग आला तो कांजिण्यांवर लावतात त्या लोशनसारखा. अहो म्हणाले फिका आहे, अजून चार थेंब टाक. ते चार थेंब मोजायला तिथे कोणी नव्हतं. दुसरी बादली थेट राणी कलर. आता एक भिंत कांजिण्या आणि तीन भिंती राणी, आणि तो रंग पुन्हा तस्साच करणं या जन्मात शक्य नाही, कारण प्रमाण अहोंच्या मनगटात होतं आणि त्यांना ते आठवत नाहीये. तरी एक फायदा सांगते, राजकन्या मागितली आणि राणी मिळाली, प्रमोशनच झालं की.

घरात आधीच निळ्या रंगाचा अर्धा डबा पडून होता म्हणून मी एक प्रयत्न करून पाहिला, तुम्ही करू नका. लेकीला म्हटलं, बाळा, 1918 साली अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या धंद्यातल्या एका मासिकाने छापलं होतं की गुलाबी रंग मुलग्यांना शोभतो आणि निळा मुलींना. खरी गोष्ट आहे. पण ज्या माणसाला अजून बुटाची डावी-उजवी बाजू कळत नाही त्याला 1918 चे दाखले दिले की तो जमिनीवर आडवा होऊन रडतो, एवढंच त्यातून निष्पन्न होतं.

छताची जाळी असल्याशिवाय राजकन्या झोपत नाही, हे कुठल्याही फोटोत बघा. ऑनलाईन तिला कॅनॉपी म्हणतात आणि अडीच हजार घेतात. बोहरी आळीत तिलाच मच्छरदानी म्हणतात. चार खांबांसाठी प्लंबिंगच्या दुकानातून अर्ध्या इंचाचे पीव्हीसी पाईप, चार एल्बो, वर सोनेरी स्प्रे. स्प्रे गॅलरीत मारा, आणि मारण्याआधी वाळत घातलेले कपडे काढा, हे वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर अहोंचा ऑफिसचा शर्ट आज दरबारी झाला नसता. खांब उभे राहत नाहीत. ते पलंगाला परकराच्या नाडीने बांधा. महाल किंचित कलतो, पिसाचा मनोरा पण कलतो, लोक तिकीट काढून बघायला जातात.

किल्ल्यासाठी पैसे घालवू नका, माळ्यावर चढा. 2018 ला थर्माकोलवर बंदी यायच्या आधीचं गणपतीचं मखर प्रत्येक मराठी माणसाच्या माळ्यावर असतंच, "टाकवत नाही" या कारणासाठी. ते उलटं करून भिंतीला टेकवलं की बुरूज तयार. आमच्या बुरुजावर मागून "मोरया" दिसतं, आरशात मात्र ते कुठल्यातरी परदेशी भाषेतलं वाटतं, उलट जास्त रॉयल. त्याशेजारी माझ्या रुखवतातले सुपारीचे नवरा-नवरी ठेवले, म्हणजे राजा-राणी. नवऱ्याचं मुंडकं 2019 लाच गळालंय, पण इतिहासात असे राजे झालेत.

तुळशीबागेत जाताना पाचशेची एकच नोट न्या आणि कार्ड, फोन दोन्ही घरी ठेवा. मी फोन नेला होता. लेस, खोटी फुलं, मोत्यांची माळ, मुकुट, मुकुटाला मॅचिंग कानातले (माझे), आणि दमल्यामुळे भेळ. खर्चाचा हिशोब नीट ठेवा हं. आमचे पाच हजारांचे आठ हजार सातशे चाळीस झाले, त्यातले तीन हजार मी किराण्यात टाकलेत, त्या महिन्यात आम्ही कागदोपत्री अकरा किलो शेंगदाणे खाल्ले.

खोली झाली की आधी फोटो. एकाच कोपऱ्याचा काढा, म्हणजे कोठी आणि ड्रॅगन फ्रेमच्या बाहेर, स्टेटसला ठेवा, आणि नणंदेचा "वॉव, किती गेले?" असा मेसेज येईपर्यंत चहा घ्या. महाल ज्यासाठी बांधला ते काम इथे झालं.

कारण रात्री मुलगी तिथे झोपत नाही. ती येते तुमच्या दोघांच्या मध्ये, आडवी, एक पाय तुमच्या बरगडीत. पलंग मूळचा सासूबाईंचा, त्यामुळे सोनेरी खांब, गुलाबी जाळी आणि लुकलुकणाऱ्या दिवाळीच्या माळेखाली त्या झोपतात, उशाला गुडघ्याचं तेल आणि बीपीच्या गोळ्या. पहिले दोन दिवस कुरकुरल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या डास अजिबात नाहीत गं. आता तर सकाळी जाळीच्या आतूनच आवाज येतो, "चहा झाला का?" आणि आपण नेऊन देतो. थीम फसली असं कोण म्हणेल?

शेवटचं, कराराचं. आपला करार 11 महिन्यांचा. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे तो कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, तरी सगळे 11 च लिहितात, सवय. तर अकराव्या महिन्यात घरमालक येतील. तुम्ही रात्रभर डिपॉझिट गेलं म्हणून तळमळलेल्या असाल, सकाळी कांदेपोहे करा, वर ओलं खोबरं जरा जास्तच घाला. आमचे आले, चारी भिंती बघितल्या, मखर बघितलं, जाळीतल्या सासूबाईंना नमस्कार केला, पोहे पण दोनदा घेतले. मग म्हणाले, "वा, खोली काय सुंदर केलीत हो, आता या घराचं भाडं दोन हजार वाढवायला हरकत नाही."