38 गुण, तीन क्रमांक आणि आत्याचं मत

महापालिकेच्या मतदानाच्या दोन दिवस आधी आत्याचा फोन आला. ती लालबागला एकटी राहते, वय 78. म्हणाली, "अगं, यंदा मी काही जात नाही. आपलं सरकार जगात शहाण्णवावं आलंय म्हणे. माझ्या एका मताने काय होणार आहे?"

आत्याने आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीसुद्धा शेजारच्या पोरांनी खुर्चीत बसवून तिला केंद्रावर नेलं होतं. म्हणून विचारलं, हे कुणी सांगितलं? तर घरच्या ग्रुपवर दादाने टाकलेला मेसेज. तो मीही बघितला होता आणि नेहमीसारखा दुर्लक्ष करून सोडून दिला होता. त्याचा आता राग येतोय. घरातल्या माणसाचं मत त्या मेसेजने जवळजवळ घालवलं होतं.

मेसेजचा सारांश असा. जागतिक बँकेने 180 देशांच्या सरकारांची परीक्षा घेतली, भारत 96वा. 2015 मध्ये 76वा होता, म्हणजे 20 पायऱ्यांनी घसरला. वर सिंगापूर, कारण तिथे निवडणुकांची भानगडच नाही. आपल्या लोकांच्या रक्तातच लाच आहे. त्यामुळे मतदानाला अर्थ नाही, 10 वर्षं लष्कराच्या हातात देश द्या. शेवटी, 'युनेस्कोनेही मान्य केलंय'.

युनेस्कोचं आधी उरकते. युनेस्को सरकारांना क्रमांक देत नाही. ज्या मेसेजच्या शेवटी कारण नसताना युनेस्को येतं, तो तिथेच सोडून द्यावा.

आता जागतिक बँक. 96 हा आकडा खरा आहे, पण तो बँकेचा नाही. बर्लिनच्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या 2024 च्या यादीतला आहे. ही यादी 1995 पासून निघते आणि एकच गोष्ट मोजायचा प्रयत्न करते: सरकारी क्षेत्रात किती भ्रष्टाचार आहे असं तज्ज्ञांना आणि उद्योग-व्यवसायातल्या लोकांना वाटतं. 'वाटतं' हा शब्द महत्त्वाचा. पाणी वेळेवर येतं का, शाळेत मास्तर हजर असतात का, कोर्टात तारीख किती वर्षांनी लागते, यातलं काही या यादीत नाही. आत्यासारख्या माणसाला कुणी काही विचारलेलंही नाही. 'सरकारची परीक्षा' हे नाव मेसेज लिहिणाऱ्याने घरबसल्या दिलेलं आहे.

जागतिक बँकेचं मोजमाप वेगळं आहे आणि ते 1996 पासूनचं आहे. त्यात सहा मोजपट्ट्या आहेत: लोकांचा आवाज आणि उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य, सरकारची कार्यक्षमता, नियमनाचा दर्जा, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचारावरचं नियंत्रण. ते करणाऱ्यांनी या सहांची बेरीज करून 'सरकार नंबर अमुक' असं कधी जाहीर केलेलं नाही, कारण बेरीज केली की अर्थच जातो. कार्यक्षमतेच्या पट्टीवर सिंगापूर जगात अगदी वर आहे, तर लोकांच्या आवाजाच्या पट्टीवर मधल्या घोळक्यात. आता त्याचा एक नंबर काढून दाखवा. शिवाय प्रत्येक आकड्यासोबत चुकीची शक्यता किती, तेही तिथे दिलेलं असतं. मेसेजमध्ये ते कधीच येत नाही.

20 पायऱ्यांची घसरण ही दादाची सगळ्यात आवडती ओळ. त्याने ती ठळक करून पुन्हा पाठवली होती. म्हणून मी ट्रान्स्परन्सीचेच जुने तक्ते उघडले आणि क्रमांकाशेजारचा गुणांचा रकाना बघितला. शून्य म्हणजे अत्यंत भ्रष्ट, 100 म्हणजे स्वच्छ. 2014 मध्ये भारताला 38 गुण, क्रमांक 85. 2015 मध्ये 38 गुण, क्रमांक 76. 2024 मध्ये 38 गुण, क्रमांक 96.

तिन्ही वर्षी गुण 38 आणि क्रमांक तीन वेगळे. 2015 ला यादीत देश कमी होते, शेजारचे काही खाली गेले, तेव्हा आपण न हलता वर गेलो. पुढे इतर देश वर सरकले, काही नवे आले, तेव्हा आपण न हलता खाली आलो. मधल्या काळात सगळ्यात जास्त गुण 2018 आणि 2019 ला मिळाले, ते 41. म्हणजे 10 वर्षांत सगळी हालचाल तीन गुणांची. यादीच्या मधल्या भागात गर्दीच इतकी आहे की एका गुणाने तीन-चार देश मागेपुढे होतात. 2023 ला 39 गुण आणि 93वा, 2024 ला 38 आणि 96वा. शाळेत वर्गात नवी पोरं आली म्हणून माझा नंबर खाली गेला, तर मी ढ झाले असं माझे वडील म्हणाले नसते. त्यांनी आधी मार्क बघितले असते.

यात समाधान मानण्यासारखं काहीच नाही. 10 वर्षांनी पुन्हा 38 वरच असणं ही लाजेची गोष्ट आहे आणि दादाने ती तशी लिहिली असती तर मी त्याच्या बाजूने बोलले असते. पण 'घसरलो' आणि 'होतो तिथेच अडकलो' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणंही वेगळी शोधावी लागतात.

सिंगापूरबद्दल थोडक्यात. तिथे निवडणुका होतात. मतदान सक्तीचं आहे, न करणाऱ्याचं नाव मतदार यादीतून निघतं. 2025 च्या मे महिन्यात निवडणूक झाली. एकच पक्ष 1959 पासून सत्तेत आहे आणि विरोधकांना तिथे जागा कमी आहे, हे खरं. पण 'निवडणुकांची भानगडच नाही' ही थाप आहे. त्याच 2024 च्या यादीत सिंगापूर तिसरं आहे. पहिला डेन्मार्क, दुसरा फिनलंड, चौथा न्यूझीलंड. तिन्ही ठिकाणी सरकारं मताने पडतात. मेसेज लिहिणाऱ्याला चारांतलं एकच नाव दिसलं.

आता रक्ताबद्दल. या ओळीसाठीच मी लिहायला बसले. आत्याने ती जशीच्या तशी म्हणून दाखवली, वर 'खरंच आहे गं' असंही म्हणाली. स्वतःच्या लोकांबद्दल असं मानून बसलेला माणूस कशाचाच जाब विचारत नाही.

1970 च्या आसपासचं हाँगकाँग घ्या. तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगानेच स्वतःच्या इतिहासात लिहून ठेवलंय, की आजाऱ्याला उचलण्याआधी ॲम्ब्युलन्सवाले 'चहाचे पैसे' मागायचे. आग विझवायला आलेले जवान पैसे मिळेपर्यंत पाणी सोडायचे नाहीत. हॉस्पिटलातल्या आया बेडपॅन द्यायला, प्यायचं पाणी द्यायला बक्षिसी घ्यायच्या. चहाचे पैसे! आपल्या 'चहापाण्या'चं सख्खं भावंड. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं. वडिलांच्या पश्चात एका कचेरीत वारसाच्या कागदासाठी मी चार खेपा घातल्या होत्या. पाचव्या खेपेला टेबलापलीकडच्या माणसाने फाईलवरची नाडी सोडता सोडता, मान वर न करता विचारलं, "चहापाण्याचं काय?" तेव्हा मला वाटलं होतं, हे फक्त इथेच होतं.

1973 मध्ये हाँगकाँगमधला पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी, बेहिशेबी संपत्तीची चौकशी चालू असताना इंग्लंडला पळाला. लोक रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी 1974 मध्ये स्वतंत्र आयोग नेमला गेला. तो पोलिसांच्या हाताखाली नव्हता, थेट गव्हर्नरला उत्तर द्यायचा. गॉडबरला परत आणून 1975 मध्ये तुरुंगात टाकलं. आयोगाने नुसती धरपकड केली नाही. कुठल्या कामात पैसे खायला फट राहते ते शोधून कामाची पद्धतच बदलायला लावली, आणि लोकांना तक्रार करायला शिकवलं. 2024 च्या यादीत त्याच हाँगकाँगला 74 गुण आहेत. माणसं तीच, त्यांचीच पोरं-नातवंडं. रक्त कुणी बदललं नाही.

इतकं लांब जायचीही गरज नाही. घरात टेलिफोन हवा तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, ते मुंबईतल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा. वशिला शोधायचा, कुणाच्या तरी ओळखीने पत्र आणायचं, कनेक्शन आलं की जोडणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं. आज मोबाईलचं सिमकार्ड घ्यायला कुणी लाच देतं का? गिरणगावातला तोच माणूस, तोच दुकानदार, तेच घराणं. बदललं काय? टंचाई गेली आणि 'देऊ की नको' हे ठरवायची एका माणसाच्या हातातली ताकद गेली. जिथे ती ताकद अजून टेबलापलीकडे आहे, तिथे चहापाणी आहे. वारसाचा कागद तिथलाच.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात सरकारच्या दर्जाचा अभ्यास करणारी एक संस्था 2004 पासून चालते. तिच्या संस्थापकांपैकी बो रोथस्टाईन यांचं म्हणणं मला पटतं. ते म्हणतात, सरकारचा दर्जा म्हणजे सत्ता वापरतानाचा निःपक्षपातीपणा. आपल्या भाषेत, वशिला न लावता काम होणं. ही गोष्ट रक्तातून येत नाही, ती नियमांतून आणि त्यावर नजर ठेवणाऱ्यांकडून येते. आपल्याकडे माहितीचा अधिकार 2005 ला आला, महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा 2015 ला आला. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा ते त्या कायद्याखाली ठरवून दिलेलं असतं. मला तेव्हा तो कायदा ठाऊक नव्हता, म्हणून मी पाच खेपा घातल्या.

एक गोष्ट मनाविरुद्ध मान्य करते. हाँगकाँगचा तो गव्हर्नर लोकांनी निवडलेला नव्हता, सिंगापूरमध्येही मोकळी लोकशाही नाही. म्हणजे निवडणुकीशिवायही भ्रष्टाचार आटोक्यात येऊ शकतो. पण ही दोन बंदरं, शहराएवढी. लष्कराचं काय होतं ते त्याच यादीत शेजारी बघा. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता घेतली. 2020 च्या यादीत त्यांना 28 गुण होते, 2024 मध्ये 16. चार वर्षांत 12 गुण गेले. दादाच्या मेसेजचा उपाय करून बघितलेला देश आपल्या सीमेला लागून आहे.

आणि मुंबईकराला तर हे कुणी सांगायलाच नको. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होता. 227 पैकी एकही नगरसेवक नव्हता, सभागृह नव्हतं, स्थायी समिती नव्हती. अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडायचा आणि प्रशासकानेच मंजूर करायचा. जवळजवळ चार वर्षं. निवडणुकीची भानगड नसली की कारभार सुधारतो असं असेल, तर त्या चार पावसाळ्यांत खड्डे संपायला हवे होते. नगरसेवक धुतल्या तांदळाचे असतात असं मी म्हणत नाही. पण गटार तुंबलं की कुणाच्या दारात उभं राहायचं, हे आत्याला पूर्वी ठाऊक होतं. त्या चार वर्षांत तिला ते दार नव्हतं.

ग्रुपवर हे लिहिल्यावर धाकट्या चुलत भावाने दुसरं टोक गाठलं: 'सगळ्या याद्या गोऱ्या लोकांचं कारस्थान.' तेही नको. सगळ्याच याद्या निर्दोष नाहीत, हे खरं. जागतिक बँकेची 'व्यवसाय सुलभते'ची यादी आठवा. भारत 142 वरून 63 वर आला तेव्हा आपण पेढे वाटले होते. त्या यादीसाठी भारतातली दोनच शहरं बघितली जायची, मुंबई आणि दिल्ली. त्यातली एक बाब म्हणजे, एका काल्पनिक गोदामाला बांधकाम परवाना मिळायला किती टप्पे आणि दिवस लागतात, त्यावरून गुण. त्या एका बाबीत आपण एका वर्षात 181 वरून 52 वर आलो. नागपूरला, नांदेडला काय चाललंय ते कुणी बघितलंच नव्हतं. पुढे काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर 2021 मध्ये बँकेने ती यादीच बंद केली. त्या देशांत भारत नव्हता. पण हा घोटाळा बँकेच्याच चौकशीत बाहेर आला, हेही लक्षात ठेवायला हवं. क्रमांक वर गेला की आपली कर्तबगारी आणि खाली आला की कारस्थान, असं दोन्हीकडून बोलता येणार नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी आत्याकडे गेले. तिला तीन वर्षांचे आकडे एका कागदावर लिहून दिले होते, ते तिने चष्मा लावून दोनदा वाचले. "म्हणजे मार्क तेवढेच?" म्हणाली. मग साडी बदलायला आत गेली.

तो कागद तिने आता फ्रिजवर लावलाय. ट्रान्स्परन्सीची पुढची यादी येईल आणि दादा क्रमांक टाकेल तेव्हा ती त्याला गुण विचारणार आहे.