रील टाकून पेट्या संपत नाहीत

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘वाशीच्या घाऊक बाजारातला दलाल विसरा. इन्स्टाग्रामवर पेज उघडा, रोज तीन रील टाका, गाजतंय ते गाणं लावा, दहा हजार फॉलोअर्स करा, कमी पडले तर विकत मिळतात. भाव लिहू नका, लोकांना इनबॉक्समध्ये येऊ द्या. वाईट कमेंट आली तर उडवा. एक पैसा खर्च न करता पेट्या घरबसल्या संपतील.’ थेट विक्री करावी हे मलाही पटतं. पुढचं जवळजवळ काहीच पटत नाही.

आधी रीलचं बघू. थेट विक्रीची मोठी लाट आली २०२०च्या टाळेबंदीत. झाडावर फळ तयार आणि बाजाराचा भरवसा नाही. त्या हंगामात राज्याच्या कृषी पणन मंडळानं बागायतदारांची मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांशी गाठ घालून दिली. सोसायटीतलंच कुणीतरी ग्रुपवर नावं लिहून घ्यायचं आणि टेम्पो गेटवर यायचा. इन्स्टाग्रामचं रील भारतात आलं जुलै २०२०मध्ये, म्हणजे हापूस संपल्यावर. तोवर माल खपला तो ‘तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मागवले होते, छान निघाले’ एवढ्या शब्दावर.

म्हणून रील करूच नये असं नाही. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं फळ उतरवणं, पिकायला अढी लावणं, पेटी भरणं हे शहरातला माणूस आवडीनं बघतो. पण रोज तीन? एप्रिलात पहाटेपासून काढणी, मग वर्गवारी, मग गाडी गाठायची. त्यात मोबाइल धरायला गडी कुठून आणणार? आठवड्याला एक पुरे. आणि पावसाळ्यात विकायला काही नसताना पेज जिवंत ठेवण्यासाठी गुड मॉर्निंगची चित्रं टाकू नका, कृपा करा.

गाण्याचं थोडक्यात सांगतो. व्यवसायाच्या खात्याला इन्स्टाग्राम सगळी गाणी देत नाही, व्यावसायिक वापराची परवानगी असलेलंच संगीत देतं. पळवाट म्हणून वैयक्तिक खात्यावरून सिनेमाचं गाणं लावून जाहिरात केली आणि हक्कदार कंपनीनं तक्रार केली, तर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच जातो. बागेतल्या पाखरांचा आवाज काय वाईट आहे?

‘एक पैसा खर्च नाही’ हे लिहिणाऱ्यानं पेटी कधी पाठवलेली दिसत नाही. खोका, गवत, गाडीभाडं, वाटेत दबलेली फळं, पैसे न देता गायब झालेलं गिऱ्हाईक, हा सगळा खर्चच. शिवाय घरी मागवणाऱ्याला मोठं, बिनडागी फळ हवं असतं. लहान आणि डागी माल शेवटी वाशीला किंवा कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यालाच जातो. दलालाशी भांडण असेल तर जरूर भांडा, पण त्याचा नंबर पुसू नका.

फॉलोअर्सचा आकडा तर सगळ्यात फसवा. विकत घेतलेली खाती ना बघतात, ना मागवतात. खरा फॉलोअरसुद्धा लखनौचा असेल आणि तुमची गाडी पुण्यापर्यंतच जात असेल, तर त्याच्या लाइकचं काय करायचं? त्यापेक्षा गेल्या वर्षी ज्यांनी पेटी घेतली त्यांची यादी धरा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात. मात्र ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. हे माहीत नसल्यानं ‘मेसेज टाकला, कुणी विचारलंच नाही’ असं म्हणत बसणारे पुष्कळ आहेत. पेटीवर नंबर ठळक छापा आणि पोच देतानाच सेव्ह करायला सांगा. हंगाम संपल्यावर मोजायचं ते हेच: गेल्या वर्षीची किती घरं पुन्हा आली.

भाव लपवण्यामागचं तर्कट असं की, लोक विचारतील, म्हणजे पेज वर येईल. लोक विचारतात, खरं आहे. पण तुम्ही कलमावर आणि फोन खिशात वाजतोय. संध्याकाळी उत्तर द्याल तोवर त्यानं दुसरीकडून मागवलेलं असतं. फळाचं वजन, किती डझन, घरपोच धरून किंमत, एवढं लिहा. हापूसचा भाव आठवड्यागणिक उतरतो, म्हणून शेजारी तारीखही घाला, नाहीतर मार्चचा भाव मे महिन्यात कुणीतरी तोंडावर मारेल.

वाईट कमेंट उडवण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. साका, म्हणजे आतला गर खराब होणं, बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. चांगल्या बागेतही तो निघतो. कापलेल्या फळाचा फोटो तुम्ही पेजवरून काढलात, तर तोच सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि तिथं तुम्हाला बोलायची सोय नसते. त्याच कमेंटखाली ‘फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जादा देतो’ असं लिहा. ते वाचणारे इतरही असतात.

गिऱ्हाईक आधीच संशयात आहे, कारण कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावानं सर्रास विकला जातो. कोकणच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या फळाला राखून ठेवणारी सरकारी नोंद मिळाली, तरी पेटीवर काहीही छापणारे थांबले नाहीत. म्हणून तर देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५पासून प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर आणलं. गिऱ्हाईक ते व्हॉट्सअ‍ॅपवरून पडताळून बघू शकतं. देवगडचे असाल आणि या हंगामात एकच रील करायला वेळ असेल, तर ते स्टिकर कसं तपासायचं याचं करा.