चालणं थांबलं तेव्हा कुठे काही दिसलं

शहराच्या पोटात वाचलेल्या जंगलातून माणूस बाहेर पडला की गेटवर त्याला हमखास एकच प्रश्न ऐकू येतो, "काही दिसलं का?" बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं. "छे हो, काही नाही. पण चालणं मस्त झालं."

पाच-सहा वर्षं मीही हेच उत्तर देत होतो. मनगटावर पावलं मोजणारा पट्टा आणि मोबाईलमध्ये गेटवरच्या नकाशाचा फोटो. लाल वाट चार किलोमीटर, निळी सात. एकेक वाट संपवायची आणि पुढच्या रविवारी दुसरी धरायची. जंगल बघतोय अशी माझी समजूत होती. खरं तर समोरच्याच्या टाचा बघत होतो.

मग एकदा निळ्या वाटेवर अर्ध्यात माझ्या बुटाचा तळ सुटला. अर्धा लोंबतोय, चालताना फट्फट् वाजतोय. मंडळी म्हणाली, "तू बस इथे, आम्ही टोकापर्यंत जाऊन येतो." ओढ्याकाठी एक दगड होता, त्यावर चरफडत बसलो. पट्ट्यावर जेमतेम तीन हजार पावलं झाली होती.

पहिली दहा मिनिटं शुकशुकाट. नंतर वाचलं तेव्हा त्यामागचं कारण कळलं. आपण वाटेवरून जातो तेव्हा आपल्यापुढे एक दवंडी चाललेली असते. एखादा पक्षी चिरकतो, खार ओरडते, ते ऐकून बाकीचे गप्प होतात किंवा सटकतात. आपण त्या दवंडीच्या मागोमाग चालत राहतो आणि म्हणतो, इथे काहीच नाही. ती विरायला वेळ लागतो, आणि आपण एका जागी तेवढं थांबत नाही.

आधी नजर गेली ती दगडाच्या कडेखाली, कोरड्या भुसभुशीत मातीत. तिथे नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे होते, करंगळीचं टोक मावेल एवढे. एक मुंगी काठावरून घसरली. वर चढायला लागली, तर खालून मातीचे कण उडाले, थेट तिच्यावर. पुन्हा घसरली, पुन्हा मारा. तिसऱ्यांदा तळातून दोन बारीक चिमटे वर आले आणि मुंगी गायब. ही एका चतुरासारख्या दिसणाऱ्या किड्याची अळी. उलटी उलटी गोल फिरत हा खड्डा करते आणि तळाशी दबा धरून बसते, सावज येईपर्यंत. तिचं पोट मागच्या बाजूला बंद असतं, त्यामुळे अळी असेपर्यंत ती विष्ठाच टाकत नाही. सगळा साठा पंख फुटल्यावर एकदम बाहेर. (हे घरी सांगितलं तेव्हा मुलं जेवढी खूश झाली तेवढी बिबळ्या दिसला असता तरी झाली नसती.)

मग डोक्यावरच्या झाडात अचानक गडबड सुरू झाली. चार-पाच जातींची पाखरं एकत्र. कुणी खोडाच्या साली तपासतंय, कुणी पानांच्या खालची बाजू, कुणी हवेतच किडे टिपतंय. एकानं उडवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी, आणि शिकाऱ्यावर लक्ष ठेवायला डोळेही जास्त. पाच मिनिटांत टोळी पुढे सरकली, झाड पुन्हा मुकं. त्या पाच मिनिटांत मी तिथे होतो म्हणून दिसली. मागच्या रविवारी त्याच झाडाखालून तरातरा गेलो असेन.

मोठी जनावरं तर आपल्याला पुरती ओळखून असतात. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कचंच बघा. २०१२ साली तिथे स्वयंचलित कॅमेऱ्यात एक नर प्यूमा, म्हणजे अमेरिकेतलं बिबळ्यासारखं मोठं रानमांजर, सापडला. संशोधकांनी त्याला पी-२२ हा क्रमांक दिला. दोन मोठे महामार्ग ओलांडून तो तिथवर पोचला होता आणि पुढची दहा वर्षं त्यानं चहूबाजूंनी शहरानं वेढलेल्या त्या टेकड्यांत काढली. दरवर्षी लाखो माणसं तिथे चालत होती, त्यातल्या फारच थोड्यांना तो प्रत्यक्ष दिसला. त्याला किती माणसं दिसली असतील, त्याचा हिशेब करा.

हा एकट्या प्यूमाचा स्वभाव नाही. २०१८ साली ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. माणसांचा वावर जिथे जास्त, तिथे प्राणी आपला दिनक्रम रात्रीकडे ढकलतात, असं त्यात दिसलं. विशेष म्हणजे, माणूस बंदूक घेऊन आलाय की नुसता फिरायला, यानं त्यांना फारसा फरक पडत नाही. म्हणजे आपलं निरुपद्रवी फिरणंही त्यांना सोसावं लागतं. आपण दिवस घेतला, त्यांनी रात्र घेतली.

म्हणूनच कमरेला स्पीकर लटकवून गाणी वाजवत जाणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे गोंगाट जास्त, तिथले नर खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गातात, कारण रहदारीची घरघर खालच्या पट्टीत असते आणि त्यात त्यांचा आवाज बुडतो. निदान जंगलात तरी त्यांना आपल्या पट्टीत गाऊ द्या की!

लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये हरणांपासून ५० मीटर लांब राहायला सांगतात. लोक तरी फोटोसाठी जवळ जातात. पुढे पुढे जाणं आपल्या अंगातच आहे.

व्यायामाला माझा विरोध नाही. चाला, पळा, वाटा त्यासाठीच आहेत. फक्त व्यायाम करून आल्यावर "जंगलात काही नव्हतं" म्हणू नका. एवढंच म्हणा की तुम्ही थांबला नाहीत.

माझी खरी तक्रार उद्यानं आखणाऱ्यांकडे आहे. पाटीवर किलोमीटर लिहिता, चढ किती ते लिहिता. "इथे अर्धा तास बसा" अशी पाटी मी अजून पाहिलेली नाही. आणि बाकं! मी जातो तिथली सगळी बाकं वाटेकडे तोंड करून आहेत, पाण्याकडे पाठ. बसणाऱ्यानं काय बघायचं? चालणारे.

आता मी बाकावर उलटा बसतो, पाय पाठीच्या फटीतून पलीकडे सोडून. परवा असाच बसलो होतो. समोरच्या वाळक्या फांदीवर खंड्या होता, चोचीत आडवा मासा. तो मासा फांदीवर आपटत होता, डावीकडे, उजवीकडे, अगदी धोबीघाट. मग मासा फिरवून डोक्याकडून गिळायला घेतला, म्हणजे कल्ले-पर घशात अडकत नाहीत. तेवढ्यात मागून आवाज आला, "काही हरवलंय का हो?"

खंड्या उडाला.

"नाही, बसलोय," मी म्हटलं. त्या गृहस्थांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्या लोंबत्या पायांकडे, मग स्वतःच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे, आणि झपाझप पुढे गेले. मी तसाच बसून राहिलो. वीसेक मिनिटांनी खंड्या परत आला, त्याच फांदीवर.