आगटीला ताडपत्री

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शनिवारी माझी जी शोभा झाली ती अजून पचलेली नाही, आणि आज सकाळी त्याच्यावर कळस चढला म्हणून लिहायलोय.

आधीचं थोडक्यात. पुण्याच्या पोराच्या सांगण्यावरून गेल्या डिसेंबरात घरामागं फायर पिट केला, म्हणजे शेकोटीचा खड्डा. पहिल्यांदा विटांचा गोल केला होता पण आपली काळी माती, वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगते, विटा म्हाताऱ्याच्या दातासारख्या एकेक करून हलायला लागल्या. मग भंगारातून ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी रिंग किलोवर आणली आणि मिस्त्रीनं ती बसवून खाली मस्त कोबा करून दिला. गुळगुळीत. भोक न ठेवता. आता कुणी म्हणेल परभणीत कशाला शेकोटी, तर बाबा, 2018 च्या डिसेंबरात इथल्या कृषी विद्यापीठात पारा 2 अंशावर आला होता, जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात ते निदान थंडीपुरतं तरी खरं आहे.

तर हिवाळा मजेत गेला आणि मग पाऊस. गेल्या आठवड्यात आशाताई डेंग्यूच्या सर्व्हेला आल्या, टॉर्च मारून म्हणल्या, "सर, हौदात अळ्या आहेत." मी म्हणलं ताई हा हौद नाही, शेकोटी आहे. त्यांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

म्हणून मोंढा. दिवस असे की सोयाबीन कापून पडलेलं आणि वर आभाळ भरलेलं, ताडपत्रीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, जो तो 24 बाय 30, 30 बाय 40 असं ओरडायलाय. माझा नंबर आला.

"कितीची?"

"4 बाय 4."

दुकानदारानं कानामागची पेन्सिल काढली आणि तशीच परत ठेवली. "4 बाय 4 चा रुमाल येतो सर. ढीग केवढाय?"

"ढीग नाही हो, खड्डा आहे."

"मंग शेततळं मना की! त्याला ताडपत्री चालत नाही, 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद लागतो. खोली सांगा."

"दीड फूट."

"दीड फुटाचं शेततळं?"

"शेततळं नाही. पाणी साठू नाही म्हणून झाकायचाय."

दुकानदार हात जोडून म्हणला, "खड्ड्यात पाणी नको म्हणणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघायलोय." आणि त्याचं तरी काय चुकलं, 2016 ला शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर, त्या गाडीचे फोटो आम्ही वऱ्हाड आल्यासारखे एकमेकांना पाठवले होते. त्या मुलखात मी पाणी हाकलायची सोय विचारायलो.

इथंच संपलं असतं. पण बारदान्याच्या गठ्ठ्यावर एक आजोबा बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर नवा कासरा, तो हात हात मोजून बघायले होते, आणि मोजणी न थांबवता त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं.

"काय असतंय त्या खड्ड्यात?"

"विस्तव. म्हणजे हिवाळ्यात."

"मंग आगटी मना की."

"हां, आगटीच."

"इस्तू हाय का तिच्यात आत्ता?"

"नाही."

"हुरडा हाय?"

"आत्ता कुठला हुरडा बाबा."

"मंग झाकायलाव काय?"

मी जरा विचार केला. खरं उत्तर एकच होतं. "खड्डा," मी म्हणलं.

आजोबांनी कासरा खाली ठेवला. "खड्डा झाकायलेत," त्यांनी शेजारच्याला सांगितलं. त्यानं पलीकडच्याला सांगितलं. असं करत ती बातमी दुकानाच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथून हसू उलटं माझ्यापर्यंत आलं.

"आमी हुरडा खाऊन झाला की आगटी बुजवतो," आजोबा आता समजुतीच्या सुरात. "फुडल्या साली दुसरी खांदतो. तुमच्यात एकच असती का?"

मग मी मूर्खासारखं समजावत बसलो. की बाबा रिंग लोखंडाची आहे, ओली राख तळाला चिकटून बसली की लोखंड खाते, वगैरे.

"मंग राख काढून घेत जा. राखंला काय ताडपत्री लागती का?"

"काढतो, पण पाणी..."

"बुडाला भोक हाय का?"

"नाही."

"कामून?"

याचं उत्तर मिस्त्रीकडं आहे आणि मिस्त्री फोन उचलत नाही. "भोक पाडायचं तर कोबा फुटेल," मी म्हणलं. "मंग फुटू द्या की," आजोबा म्हणले आणि परत कासरा मोजायला लागले, पण मोजणी कुठवर आली होती ते विसरले, आणि त्याचाही दोष त्यांनी माझ्याकडं बघूनच दिला.

सगळे हसायलेले, एकटा माझ्या बाजूचा पोरगा सोडून. त्याचं दोन एकर कापलेलं रानात उघडं पडलेलं, तो पन्नास रुपयांसाठी घासाघीस करायला आणि मधून मधून बाहेर जाऊन आभाळ बघून यायला. दुकानदार एक रुपया सोडेना. आभाळ आलं की ताडपत्रीचा भाव कसा चढतो ते बघायला शेअर बाजारात जायची गरज नाही, मोंढ्यात उभं राहावं. त्यानं शेवटी सांगेल तेवढे मोजले आणि पळाला. मी मागं उभा, 4 बाय 4 मागत. तेव्हा मात्र तिथून निघून जावं असं वाटलं.

गेलो नाही. तुकडा कापून देत नाहीत म्हणे, म्हणून 12 बाय 15 ची घेतली, साडेआठशेला. घासाघीस करायचं तोंडच राहिलं नव्हतं.

घरी येऊन चार पदरी घडी घातली, रिंगवर टाकली, चार कोपऱ्याला चार विटा. बायको म्हणली मधी काहीतरी टेकू द्या, उंच पाहिजे. मी म्हणलं राहू दे, आज खूप सल्ले झालेत.

रात्री पाऊस झाला. सकाळी बघतो तर खड्डा एकदम कोरडा, आणि वर ताडपत्रीचा झोका होऊन त्याच्यात घागरभर पाणी. शेजारच्यांची शेळी आरामात पीत उभी. उपसून टाकलं, रात्री परत भरलं. परत उपसलं.

आणि आज सकाळी आशाताई परत आल्या, मागचं तपासायला. मी हौसेनं म्हणलं, बघा, झाकून टाकलं. त्यांनी टॉर्च ताडपत्रीवर मारला, मग कोपरा उचलून खाली मारला, मग वही काढली.

या वेळी मी वाकून वाचलंच.

"हौद – 2."