सेटलर काढा बे, स्टोनहेंज नाही!

पोट्टे हो, आता बस झालं. शनिवारी रात्री जेवणं उरकून सगळे सिव्हिलायझेशन सिक्स हा कॉम्प्युटर गेम खेळायला ऑनलाइन येतात. कोणी मानेवाड्याहून, कोणी त्रिमूर्तीनगरातून, एक जण कामठीहून. मॅप कोणता आणि कोण कोणता नेता घेणार यावर तासभर भांडण होतं, मग गेम सुरू होतो, आणि पन्नासावी टर्न, म्हणजे चाल, यायच्या आत माइकवर तेच वाक्य: "स्टार्टच बेकार होती यार, रीस्टार्ट मारू." स्टार्ट बेकार नव्हती. नदी होती, टेकड्या होत्या, शेजारी दगड आणि संत्री होती. खेळ बेकार झाला. बाकीच्यांनी रात्र जागून उभी केलेली शहरं एकाच्या आळसापायी पुसली जातात, आणि पुन्हा पहिल्या टर्नपासून तेच. मला याचा खरंच संताप येतो.

आपण तो डेइटी या सगळ्यात अवघड लेव्हलवर खेळतो. डेइटी म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे ना? एआय, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो प्रतिस्पर्धी, सुरुवातच तीन सेटलर (नवं शहर वसवणारे) घेऊन करतो, तुमच्या हातात एक. त्याच्या प्रत्येक युनिटला लढाईत चार स्ट्रेंथ फुकट. प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद) आणि गोल्डवर बोनस वेगळा. म्हणजे पहिली टर्न संपायच्या आधीच तो दोन शहरांनी पुढे. ही दरी भरायचा रस्ता एकच आहे, लवकर शहरं वाढवणं. आणि आमचे मित्र दहाव्या टर्नला काय लावतात? स्टोनहेंज! ते भव्य बांधकाम, गेमच्या भाषेत वंडर.

अबे, हिशोब तरी करा. स्टँडर्ड स्पीडवर स्टोनहेंजला 180 प्रॉडक्शन लागतं. पहिला सेटलर 80 चा, दुसरा 110 चा. म्हणजे एका स्टोनहेंजच्या पैशात जवळपास दोन शहरं उभी राहतात. ती दोन शहरं पुढच्या दीडशे टर्न अन्न देतील, प्रॉडक्शन देतील, डिस्ट्रिक्टला जागा देतील. स्टोनहेंज एक प्रॉफेट, म्हणजे धर्म स्थापणारा माणूस, देईल, तोही हाती आला तर. डेइटीवर कोणता ना कोणता एआय ते आधीच उरकून मोकळा होतो, आणि तुमची ती वीस-पंचवीस टर्न गेली ती गेलीच. हे दर वेळी होतं. दर वेळी! आणि दर वेळी आश्चर्य वाटल्यासारखा तोच आवाज येतो, "अरे, गेलं यार."

सेटलर काढ म्हटलं की उत्तर तयार असतं: "शहराची एक लोकसंख्या कमी होते ना." हो, होते. ती काही टर्नमध्ये भरून निघते. पण जी चांगली जागा एआयने घेतली ती लढल्याशिवाय परत मिळत नाही, आणि तेव्हा तुमच्याकडे लढायला काहीच नसतं. अर्ली एम्पायर हे सिव्हिक (समाजाच्या प्रगतीची पायरी) झालं की कॉलनायझेशनचं धोरण-कार्ड मिळतं, सेटलरवर पन्नास टक्के प्रॉडक्शन जास्त. चीफडम या पहिल्या सरकारात आर्थिक स्लॉट एकच आहे, त्यात सेटलर काढताना हेच कार्ड हवं. सिव्हिक पूर्ण झालं की कार्ड बदलायला एक पैसा लागत नाही. तरी आमच्याकडे गॉड किंगचं कार्ड लावून बसतात, आणि चाळिसाव्या टर्नलाही तेच लटकलेलं असतं. विचारलं तर म्हणे, "फेथ जमा होतोय." कशासाठी जमा होतोय ते कोणालाच सांगता येत नाही.

स्काउट (टेहळ्या) आणि स्लिंगर (गोफणवाला) यांचंही तसंच. रानटी लोकांचा स्काउट तुमचं शहर पाहून परत छावणीत गेला की पाठोपाठ टोळी येते, हे इतक्या वर्षांत कळायला नको? तो दिसला की मारायचा, निदान वाट अडवायची. स्लिंगरने एक युनिट मारलं की आर्चरीचा युरेका मिळतो, म्हणजे संशोधनाचा मोठा तुकडा फुकट. तीन टाइल सुधारल्या की क्राफ्ट्समनशिप सिव्हिकचं इन्स्पिरेशन, तसाच फुकट तुकडा, आणि बिल्डरला, म्हणजे टाइल सुधारणाऱ्या मजुराला, चार्जही (करता येणारी कामं) बरोबर तीनच असतात. सगळं नीट जुळवून ठेवलेलं आहे. पण बिल्डर एकदा शेत करून झोपवून ठेवतात, आणि दहा टर्ननंतर रानटी घोडेस्वार त्याला धरून घेऊन जातो. मग माइकवर शिव्या. कोणाला? गेमला!

पण हे सगळं मी एक वेळ सोडून देईन. माझं डोकं खरं फिरतं ते डिप्लोमसीवर.

एखाद्या नेत्याशी पहिली भेट झाली त्याच टर्नला डेलिगेशन, म्हणजे शिष्टमंडळ, पाठवायचं. खर्च 25 गोल्ड. तेव्हा त्याचं तुमच्याबद्दल काही मत बनलेलं नसतं, म्हणून तो बहुतेक वेळा घेतो. पुढे तुमची सीमा त्याला खटकायला लागली, तुमचं सैन्य कमी आहे हे त्याच्या लक्षात आलं, की मग तो दारातूनच परत पाठवतो. ही एक टर्न चुकली की ती संधी जवळपास संपली. मी दर वेळी ओरडून सांगतो, आणि दर वेळी एक शहाणा म्हणतो, "काहून देऊ बे फुकटचे पंचवीस?" तोच माणूस तीस टर्ननंतर भिंती आणि आर्चर विकत घ्यायला दोनशे-तीनशे गोल्ड घालतो, कारण ज्याला पंचवीस दिले नाहीत तोच दारात सैन्य घेऊन उभा असतो.

डेलिगेशन गेलं, सीमेवर कुरबुर नाही, तर काही टर्नमध्ये मैत्रीची घोषणा होऊ शकते. ती तीस टर्न चालते आणि त्या काळात दोघांनाही एकमेकांवर युद्ध पुकारता येत नाही. डेइटीवर तीस टर्नची पक्की शांतता म्हणजे काय चीज आहे, कळतं का? त्या बाजूला सैन्य लागत नाही. ते सगळं प्रॉडक्शन सेटलरमध्ये घालता येतं. हे इतकं साधं आहे की ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं याचाच मला राग येतो.

समोरचा नेता कोण आहे ते वाचा तरी! त्याचा अजेंडा, म्हणजे त्याला काय आवडतं आणि काय खटकतं ते, स्क्रीनवर लिहिलेला असतो. चंद्रगुप्ताला सीमेला लागून असलेले शेजारी नकोत, मग त्याच्या तोंडासमोर शहर वसवून वर "हा काहून चिडला?" असं विचारायचं नाही. चिन शी हुआंगला त्याच्यापेक्षा जास्त वंडर बांधणारा माणूस आवडत नाही. बार्बारोसाला सिटी-स्टेटशी, म्हणजे एका शहराच्या छोट्या राज्यांशी, सलगी करणारे आवडत नाहीत. शेजारी बार्बारोसा आणि तुम्ही दोन सिटी-स्टेटचे सुझरेन (वरचष्मा असलेले) झालात, तर त्या बाजूला आर्चर आधीपासून हवेत. ही माहिती लपवलेली नाही, एका क्लिकवर आहे. कोणी क्लिक करत नाही.

आणि व्यापार! एका लक्झरीच्या, म्हणजे चैनीच्या मालाच्या, पहिल्या नगाने चार शहरांना सोय मिळते. त्याच लक्झरीचा दुसरा नग तुम्हाला शून्य देतो. शून्य! तो एआयला विकायचा असतो, आणि डेइटीवर त्याच्याकडे गोल्ड भरपूर असतं. मागच्या गेममध्ये एका भावाकडे तीन-तीन सिट्रस होते, प्लांटेशन करून झालेलं, आणि एकही विकला नव्हता. कळमन्याला संत्र्याचा लिलाव बघत वाढलेला माणूस संत्री अशी सडवतो? दुसरा सिट्रस विकला असता तर रोख गोल्ड हातात आलं असतं, त्यातून सेटलर किंवा बिल्डर थेट विकत घेता आला असता. जमेल तेव्हा रोखच मागा, टर्नवारी हप्ता नको. उद्या युद्ध झालं तर हप्ता थांबतो, घेतलेली रोकड कोणी परत मागत नाही. जादा घोडे, जादा लोखंड, सगळं विकता येतं. ट्रेड स्क्रीन उघडायला दोन सेकंद लागतात. दोन!

सगळ्यात जास्त जीव जळतो तो न विचारता पुकारलेल्या युद्धामुळे. टीममध्ये एकाचं युद्ध म्हणजे सगळ्यांचं युद्ध. एक जण हातात दोन वॉरियर घेऊन सरप्राइज वॉर करतो, आणि माझ्या सीमेवरचा त्याच एआयचा अख्खा फौजफाटा माझ्यावर येतो. मी तेव्हा सेटलर काढत असतो, कारण मी त्याच्याशी गोड बोलून शांतता ठेवलेली असते. सगळी मेहनत एका क्लिकने मातीत. आधी डिनाउन्स, म्हणजे जाहीर निषेध, करून पाच टर्न थांबलं तर फॉर्मल वॉर करता येतं, तक्रारीही कमी होतात, आणि त्या पाच टर्नमध्ये बाकीच्यांना तयारी करता येते. पण नाही. एवढा धीर कोणाला?

आपण नागपूरकर आहोत, निदान आपल्याला तरी हे कळावं. 1803 मध्ये शिंदे आणि आपले रघुजी भोसले इंग्रजांशी लढत होते आणि होळकर बाजूला थांबले. 29 नोव्हेंबरला आडगावची लढाई हरलो, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. होळकर लढायला उतरले ते पुढच्या वर्षी, एकटे. कोणी कधी लढायचं हे एकत्र न ठरवल्यावर काय होतं ते आपल्या घरच्या इतिहासात तारखांसकट लिहिलेलं आहे, आणि आमच्या लॉबीत आजही एक जण पश्चिमेला लढतो, दुसरा तेव्हा स्टोनहेंज बांधतो, तिसरा पाणी प्यायला उठलेला असतो.

कोणी म्हणेल, गेम आहे, एवढं काय. मी आठवडाभर कामावरून थकून येतो आणि या एका रात्रीची वाट बघतो. चार लोकांनी मिळून डेइटी हरवायची, औद्योगिक युग एकदा तरी एकत्र बघायचं, एवढीच माझी इच्छा आहे. आमचा गेम क्लासिकल युगापलीकडे जातच नाही!

येत्या शनिवारी माझ्याकडून पहिलं बिल्ड स्काउट, मग स्लिंगर, मग सेटलर. भेटेल त्या प्रत्येक नेत्याला त्याच टर्नला डेलिगेशन. युद्ध पुकारायचं असेल तर आधी माइकवर विचारायचं आणि चौघांचं हो आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पन्नास टर्नच्या आत रीस्टार्टला माझं मत मिळणार नाही, स्टार्ट कशीही असो. आणि ज्याला तीसाव्या टर्नच्या आधी स्टोनहेंज लावायचंच आहे त्याने वेगळी लॉबी काढावी. मी नऊ वाजता ऑनलाइन येतो.