सुट्या मुखपृष्ठांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे चौकटीत लावण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेत की, ‘अंक फाडून भिंती सजवणारे हे रसिक नव्हेत, रद्दीवालेच.’ मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु अनोळखी माणसाविषयी वापरलेली ही भाषा केवळ साहित्यप्रेमाच्या नावाखाली खपवून घ्यावी, असे मला वाटत नाही.

मी अंक फाडतो, हे आपण कशावरून ठरवलेत? माझे वडील वाचनालय चालवत, त्यामुळे अंकांची बांधणी मी लहानपणापासून पाहिली आहे. बाइंडर चार-सहा अंक एकत्र शिवताना मुखपृष्ठे खुशाल काढून टाकी आणि समास कापी, तेव्हा त्या चित्रांचे काय झाले, हे विचारायला एकही सभासद आला नाही. माझ्याकडची बहुतेक मुखपृष्ठे अशीच सुटी झालेली आहेत. काहींचा तर पिनांच्या गंजाने कडेचा कागदच झडला आहे. अखंड अंकाला मी कात्री लावत नाही, हे लेखात स्पष्ट लिहिले होते; तेवढे वाचण्याची सवड आपणांस मिळाली नसावी.

चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. अशा अंकांतल्या कितीतरी कथा-कविता पुढे लेखकांच्या संग्रहांत आल्या. मुखपृष्ठाच्या नशिबी ते क्वचितच येते, अंक रद्दीत गेला की बहुधा चित्रही गेले. रघुवीर मुळगावकरांची देवदेवतांची चित्रे तर कॅलेंडरांतूनच घरोघर पोहोचली आणि वर्ष सरल्यावर भाविकांनी ती कापून चौकटीत बसवली. त्या सगळ्यांनाही आपण रद्दीवाले म्हणणार का?

स्कॅन छापून लावण्याच्या सल्ल्याबद्दल आभार. ब्लॉकच्या, म्हणजे प्रत्येक रंगाच्या वेगळ्या ठशाच्या, छपाईत एखादा रंग किंचित सरकला की ओठांची लाली ओठांबाहेर उतरते. मला तोच कागद, त्या चुकीसकट, भिंतीवर हवा असतो.

चौकटीखाली चित्रकाराचे नाव आणि अंकाचे वर्ष असावे, ही आपली सूचना मात्र रास्त आहे. ऊन आणि दमट हवेवरच्या व्याख्यानाची गरज नव्हती. काच आर्ट पेपरला टेकली, तर पावसाळ्यात तो तिला चिकटतो, हे मी जाणतो. म्हणूनच प्रत्येक चौकटीत मध्ये माउंट, म्हणजे काच कागदापासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची पट्टी, आहे. मी मोजलेल्या किमतीवरच्या टोमण्याला उत्तर देत नाही.

आपल्याकडे ‘दीपावली’चे अखंड अंक असतील, तर ते अवश्य जपावेत. एखादे मुखपृष्ठ सुटलेच, तर ते टाकून देण्यापूर्वी मला कळवावे.