आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास : आधी मूळ कागद, मग भाष्य

रत्नागिरीत राज्यशास्त्र शिकवताना आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांकडून मला बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो तो असा : "मॅडम, यासाठी कुठलं चॅनेल बघू?" प्रश्न अगदी रास्त आहे. गुहागर, राजापूर किंवा देवगडच्या मुलाला दिल्लीच्या ग्रंथालयांत बसता येत नाही, परदेशी नियतकालिकांची वर्गणी त्याला परवडत नाही, आणि म्हणून हातातला मोबाईल हेच त्याचे ग्रंथालय झाले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की त्याच मोबाईलवर करारांचे, निकालांचे आणि सरकारी निवेदनांचे मूळ मजकूर विनामूल्य मिळतात. ते न उघडता थेट कोणाचे तरी विश्लेषण ऐकायची सवय आपल्या मुलांना लागली आहे आणि ती या विषयाच्या मुळावर येणारी आहे.

आपल्याच बागेतले उदाहरण घेते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूसवर बंदी घातली, हे कोकणात सगळ्यांना आठवते. कोणी त्यात व्यापारी डावपेच पाहिले, कोणी आपल्या फळाचा अपमान पाहिला. युरोपीय संघाचे सर्व कायदे आणि निर्णय 'युर-लेक्स' या अधिकृत संकेतस्थळावर आहेत आणि २४ एप्रिल २०१४ चा हा निर्णयही तिथे आहे. जेमतेम काही पानांचा मजकूर आहे. तो वाचला की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की बंदी एकट्या आंब्यावर नव्हती; कारले, पडवळ, वांगी आणि अळू हेही त्याच यादीत होते. दुसरे म्हणजे कारण फळाच्या चवीचे किंवा फवारणीच्या औषधांचे नव्हते, तर भारतातून आलेल्या मालात फळमाशीसारखे किडे पुन्हा पुन्हा सापडल्याचे होते. मग वाचक आपोआप पुढच्या कागदाकडे वळतो : जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासून लागू असलेला, वनस्पती, प्राणी आणि अन्न यांच्या आरोग्यविषयक उपायांचा करार. देशाला आयात रोखता येते, पण त्यासाठी शास्त्रीय आधार द्यावा लागतो, हे त्यात लिहिलेले आहे. २०१५ च्या सुरुवातीला यादीतून आंबा वगळण्यात आला, तो कशाच्या बळावर, हेही याच मार्गाने समजते. ज्या विद्यार्थ्याने हे दोन कागद वाचले, त्याला व्यापारातील बिगर-जकाती अडथळे (म्हणजे जकातीऐवजी इतर नियमांनी आयात रोखणे) हे प्रकरण पाठ करावे लागत नाही.

दुसरे उदाहरण समुद्राचे आहे आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ते अधिक जवळचे वाटावे. ७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेची 'जॉन पॉल जोन्स' ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवरून गेली आणि भारताची परवानगी न मागता आपण हे केले, असे अमेरिकी नौदलाच्या सातव्या आरमाराने स्वतःच जाहीर केले. आपल्याकडे लगेच 'घुसखोरी' हा शब्द सुरू झाला. येथे चार कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. पहिला कागद म्हणजे सातव्या आरमाराचे निवेदन. दुसरे ९ एप्रिलचे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे उत्तर. तिसरा कागद १९८२ चा सागरी कायद्याविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार. त्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र असतो आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासळीवर आणि खनिजांवर किनारी देशाचा हक्क असतो तो पट्टा. कलम ५८ त्या क्षेत्रात इतर देशांना नौकानयनाचे स्वातंत्र्य देते. चौथा कागद बहुतेकांना ठाऊकच नसतो. भारताने १९९५ मध्ये या कराराला मान्यता देताना एक घोषणा जोडली : किनारी देशाच्या संमतीशिवाय त्याच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात लष्करी कवायती करण्याची, विशेषतः शस्त्रे किंवा स्फोटके वापरण्याची, मुभा हा करार देत नाही, अशी आपली समजूत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहाच्या संकेतस्थळावर प्रत्येक करारासमोर कोणत्या देशाने कधी मान्यता दिली आणि कोणत्या अटी किंवा घोषणा जोडल्या, हे दिलेले असते. अमेरिका त्या यादीत नाही, हेही तिथेच दिसते. करारात नसलेला देश कराराच्या आधारे स्वातंत्र्य मागतो आणि करारातला देश त्याच कराराचा वेगळा अर्थ लावतो, हा पेच समजणे म्हणजेच हा विषय शिकणे. 'घुसखोरी' एवढ्या एका शब्दात त्यातले काहीच हाती लागत नाही.

मूळ कागद पाहण्याची सवय नसली की अफवा किती सहज पचतात, हे २०२४ च्या जूनमध्ये दिसले. अमेरिका आणि सौदी अरेबिया यांच्यातील पन्नास वर्षांचा 'पेट्रोडॉलर करार', म्हणजे तेल डॉलरमध्येच विकण्याचा करार, ९ जूनला संपला, असा मजकूर जगभर फिरला. आखातात माणसे असलेल्या आपल्याकडच्या घरांत अशा मजकुराने काळजी वाढते, म्हणून मला तो विशेष खटकला. असा करार नव्हता. जून १९७४ मध्ये दोन्ही देशांनी आर्थिक सहकार्यासाठी एक संयुक्त आयोग स्थापन केला होता, आणि तेल डॉलरमध्येच विकण्याचे बंधन त्यात नव्हते. तेलाचा व्यवहार डॉलरमध्ये होण्याची कारणे वेगळी आहेत आणि ती अभ्यासण्याजोगी आहेत.

मूळ कागद म्हणजे अंतिम सत्य, असे मात्र मी म्हणणार नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करारांचा संग्रह, प्रत्येक देशाशी असलेल्या संबंधांची टिपणे, वार्षिक अहवाल आणि संसदेतील प्रश्नोत्तरे आहेत. अभ्यासाची सुरुवात तिथूनच करावी, परंतु टिपण सरकारची बाजू सांगणार हे गृहीत धरूनच. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इतिहास कार्यालयाने १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगाची गोपनीय कागदपत्रे प्रकाशित केली आहेत. तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर आपल्याविषयी काय बोलत होते ते त्यात वाचता येते, पण ती त्यांच्याच दप्तरांतून आणि त्यांनीच निवडलेली आहेत.

आकड्यांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. स्टॉकहोमची 'सिप्री' ही संस्था शस्त्रास्त्रांच्या आयात-निर्यातीची १९५० पासूनची माहिती देते आणि ती जगभर आधारभूत मानली जाते. मात्र तेथील आकडे म्हणजे व्यवहाराची किंमत नव्हे. शस्त्राची लष्करी क्षमता लक्षात घेऊन ठरवलेले ते मूल्य असते. कित्येक मराठी लेखांत ते सरळ डॉलर म्हणून छापलेले मी पाहिले आहेत. पद्धतीचे पान वाचायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे वाचवण्यासारखी नाहीत.

विचारगटांच्या, म्हणजे धोरणांवर अभ्यास करून लिहिणाऱ्या 'थिंक टँक' संस्थांच्या, लेखांबाबत माझी एकच अट असते : लेखाआधी 'आमच्याविषयी' हे पान उघडा आणि पैसा कोठून येतो ते पाहा. सरकारी निधीवर चालणारी संस्था, उद्योगसमूहाच्या देणग्यांवर चालणारी संस्था आणि परदेशी प्रतिष्ठानाशी जोडलेली संस्था यांचे लेख वाचावेत, जरूर वाचावेत, पण एकाच प्रश्नावरचे तिघांचे. ज्या संस्थेच्या संकेतस्थळावर निधीची माहितीच सापडत नाही, तिचा हवाला उत्तरपत्रिकेत देऊ नये.

आपल्या भागातल्या मुलांची खरी अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली संशोधनपत्रिकांची. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधनपत्रिका वाचायला उपलब्ध करून देणारी केंद्राची योजना चांगली आहे, पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. कोकणातली बरीचशी महाविद्यालये स्थानिक शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. त्यांतील विद्यार्थ्यांना ती दारे उघडली पाहिजेत, असे मला फार तळमळीने वाटते. तोपर्यंत इग्नूचे 'ई-ज्ञानकोश' आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची 'ई-पीजी पाठशाला' यांवर पदवी आणि पदव्युत्तर स्तराचे साहित्य विनामूल्य आहे. दुसरी अडचण भाषेची. मराठी विश्वकोश आता ऑनलाइन वाचता येतो आणि संकल्पना समजून घ्यायला तो उत्तम आहे. त्यातील जुन्या नोंदी शीतयुद्धाच्या काळातल्या आहेत, एवढे ध्यानात ठेवून वाचावा. त्यापुढे मात्र मराठीत फार थोडे आहे. इंग्रजी कराराची भाषा पाहून मागे फिरणारी हुशार मुले मी दर वर्षी पाहते आणि त्यांना सांगते, की कलम एकेक करून वाचा, अडले तर विचारा.

ज्यांना कोठून तरी सुरुवात करायची आहे त्यांनी सागरी कराराचा पाचवा भाग घ्यावा, कलम ५५ ते ७५. पाने थोडी आहेत. मासेमारीच्या हक्कांची कलमे, ६१ आणि ६२, आधी वाचावीत, कारण मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या काहींचा संबंध थेट या कलमांशी लागतो. कोणाला ती माझ्यासोबत वाचायची असतील तर खाली लिहावे. विद्यार्थी असण्याची अट नाही.